वास: शून्य

बाईंनी ब्लेंडर सोडला तरी तो पातेल्यात उभाच राहिला. अर्ध्या मिनिटापूर्वी तिथे चांगलं साईसारखं दाट मिश्रण होतं. बाईंनी त्यात गुलाबाचं सुगंधी तेल ओतलं मात्र, बघता बघता त्याचा दगड झाला. त्यांनी ब्लेंडर उचलून पाहिला, तर पातेलंही वर आलं.

"अहो आई, माझा ब्लेंडर!" सूनबाई दारातूनच ओरडली.

"हात लावू नकोस. निरीक्षण चाललंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली.

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. पोटचा मुलगासुद्धा शाळेत बाई आणि घरी आई म्हणतच मोठा झाला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत साबण करायला घेतला. चूल न पेटवता करायचा साबण. कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि तेल एकत्र घोटायचं, दाटलं की सुगंध घालायचा, साच्यात ओतायचं आणि वड्या कापून महिनाभर सुकवायच्या. साबण उत्तम व्हायचा. घोडं अडायचं ते सुगंधापाशी.

आणि त्या खोलीवर मुलाचा डोळा होता. त्याने ट्रेडमिल आणून ठेवली होती. ती जागेअभावी बाहेरच्या खोलीत आडवी पडलेली असायची आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यावर नडगी आपटून घ्यायचा.

"आई, डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय."

"मग चाल की. रस्ते काय कुणी उचलून नेलेत?"

"तीन महिने देतो तुला. तेवढ्यात एका तरी पाहुण्याने आपल्याकडे हात धुवून स्वतःहून विचारलं पाहिजे, काय छान वास आहे, कुठला साबण हा? विचारलं तर खोली तुझी. नाहीतर ट्रेडमिल आत."

"तीन कशाला, दोन पुरेत," बाई ताडकन म्हणाल्या. पण वहीत त्यांनी तीनच लिहिले, कारण साबण सुकायला महिना लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री मात्र त्यांना नीट झोप लागली नाही. शाळा सुटल्यापासून, जिथे आपल्याला विचारल्याशिवाय कुणी काही हलवत नाही अशी तेवढी एकच जागा त्यांच्याकडे उरली होती.

गुलाबाच्या दगडाच्या नोंदीखाली त्यांनी अनुमान लिहिलं: 'मिश्रण गरम होते. गुलाब तापट आहे.' दुसऱ्या खेपेला मिश्रण पार कोमट केलं, ब्लेंडरऐवजी रवी घेतली आणि व्हॅनिला घातला. साबण लोण्यासारखा ओतला गेला. दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र, चौथ्या दिवशी बदामी, आणि आठवड्याने जुन्या कपाटाच्या रंगाचा.

"हे काय गं? बुटाचं पॉलिश?" मुलाने विचारलं.

"व्हॅनिला काळवंडतोच. त्याचा गुणधर्म आहे तो. दहावीला शिकवलं असतं तरी तुझ्या डोक्यात शिरलं नसतं."

पहिल्या पाहुणीने, म्हणजे सूनबाईच्या मावशीने, ती वडी बेसिनवर पाहिली आणि भांडी घासायची समजून गुपचूप स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. बाईंनी त्याची नोंद केली नाही.

मग आलं लिंबू. लिंबाने मिश्रण घट्टही झालं नाही आणि काळंही पडलं नाही. साबण देखणा झाला. पण तिसऱ्या दिवशी बाईंनी वडी नाकाला लावली आणि त्यांचा चेहरा पडला. वहीत लिहिलं: 'वास: शून्य.' पुढच्या घाण्यात सुगंध दुप्पट. तिसऱ्या दिवशी पुन्हा वास शून्य. मग तिप्पट. आता वड्यांना तेलाचा घाम फुटला, पण वास मात्र शून्यच.

"आई, घमघमतंय हो घर," सूनबाई पदराने डोळे टिपत म्हणाली.

"माझी समजूत घालू नकोस. शून्य म्हणजे शून्य."

त्यांनी सुगंधी तेलवाल्याला फोन लावला. तो त्यांचाच विद्यार्थी, कायम मागच्या बाकावरचा.

"काय रे, तेलात पाणी घालतोस?"

"बाई, शप्पथ नाही! किती घालताय तुम्ही?"

"किलोला नव्वद ग्रॅम."

"बाई, तीस घालतात," तो अगदी हळू म्हणाला. "तुम्ही त्या खोलीत दिवसभर बसता का? मग नाकाला सवय होते बघा. माझ्याही दुकानात मला कसलाच वास येत नाही. चार दिवस खोलीत जाऊच नका, मग हुंगून बघा."

"तू मला शिकवतोस?" बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "गंधक आणि मीठ ओळखता येत नव्हतं तुला!"

तरीही बाई म्हणजे शास्त्राचा माणूस. नाक तपासायलाच हवं होतं. त्या तडक कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेल्या. पावाचा वास आला. चांभाराच्या दुकानात चामड्याचा आला, दवाखान्यासमोर फिनेलचा आला. घरी येऊन त्यांनी ठसक्यात लिहिलं: 'नाक: उत्तम. दोष तेलाचा.' आणि उरलेली अख्खी बाटली पुढच्या घाण्यात रिकामी केली.

मिश्रण आधी नुसतं फुटलं, तांदळाच्या कण्यांसारखं. मग ते तापलं. मग साच्याच्या मधोमध फुगून वर यायला लागलं.

"खाली बस!" बाई लाकडी पळी उगारून गरजल्या. एकतीस वर्षांत त्या आवाजाला बसला नाही असा वर्ग झाला नव्हता. साबण बसला नाही. तो साच्याच्या काठावरून टेबलावर आला, टेबलावरून फरशीवर आणि फरशीवरून कपाटाखाली. मुलगा नि सूनबाई हातमोजे चढवून दोन तास पुसत होते. फरशीच्या सांध्यांत, भिंतीच्या कडांत, दाराच्या लाकडात लिंबू जे मुरलं ते मुरलंच.

"आई, आता तरी पुरे कर ना," मुलगा काकुळतीला आला.

"मुदत संपलेली नाही," बाई म्हणाल्या.

मुदतीत आणखी सहा पाहुणे हात धुवून गेले. दोघांना शिंका सुटल्या, एकाने खिडकी उघडायला सांगितलं, एक जण न जेवताच निघाला. साबण कुठला, हे एकानेही विचारलं नाही. बाईंच्या मते गावात सर्दीची साथ होती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाईंनी स्वतःच्या हाताने साचे, काटा, रवी खोक्यात भरली. मुलगा म्हणाला, "राहू दे गं, अजून महिनाभर बघू." त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण बाईंनी हात वर केला. "निकाल तो निकाल. मी कुणाला कृपेचे गुण दिले नाहीत, घेणारही नाही." आणि वही तेवढी त्यांनी उशाशी नेऊन ठेवली.

ट्रेडमिल आत गेली. पहिल्या सकाळी मुलगा चार मिनिटांत बाहेर आला. डोळे लाल, तोंड उघडं.

"झालं चालून?" बाईंनी विचारलं.

"पहिला दिवस आहे ना," तो म्हणाला. आईचंच रक्त ते, हार कशाला मानतंय! दुसऱ्या दिवशी त्याने नाकाला ओला रुमाल बांधला. तिसऱ्या दिवशी दोन रुमाल. चौथ्या दिवशी सूनबाईने त्याला भिंतीला टेकून बसलेला पाहिला, तरी तो म्हणत होता, काही नाही, जरा पाय भरून आलेत. सहाव्या दिवशी मात्र त्याने हात टेकले.

"आई, चल. तूच ये आणि सांग, या खोलीत माणूस चालू शकतो का."

बाई सहा दिवस त्या खोलीकडे फिरकल्या नव्हत्या. त्या ताठ मानेने आत शिरल्या, दार लोटलं आणि एक दीर्घ श्वास घेतला.

दार पुन्हा उघडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मुलगा बघत होता. सूनबाई बघत होती. बाईंनी भिंतीला धरून दोन-तीन श्वास घेतले, उशाशी ठेवलेली वही आणायला फर्मावलं, आणि 'वास: शून्य' लिहिलेल्या सगळ्या ओळी एकेक करून शाईने खोडल्या. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. मग खाली 'उद्देश' म्हणून एक नवी ओळ लिहिली आणि वही मुलापुढे धरली.

"प्रयोगाचा उद्देश वाच."

"सुगंध टिकवणे," त्याने रुमालातून वाचलं.

"टिकला?"

त्याने आत पाहिलं, ट्रेडमिलकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "टिकला, बाई."

"मग सही कर. ते यंत्र जिथून आणलंस तिथे नेऊन ठेव," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आणि आधी ते दार लाव. वास जातोय सगळा."