चाप ओढण्याआधीचा आवाज

आमच्या शेजारचे वसंतअण्णा कुठलीही वस्तू डोळ्यांनी बघून घेत नाहीत, कानांनी ऐकून घेतात. नारळ सगळेच वाजवून घेतात, पण अण्णा कुकर, कुलूप, चपला, सगळं वाजवतात. माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळ बघायला त्यांना नेलं, तर पगार आणि शिक्षण राहिलं बाजूला, यांनी मुलाला दोनदा जिना चढायला-उतरायला लावला. "आवाज खरा हाय," एवढाच अभिप्राय. आणि संसार सुखाचा झालाही.

या अण्णांनी बंदुकीचं लायसन काढलं, तेव्हा सबंध गल्ली चाट पडली. जन्म गेला सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून. घरात झुरळ निघालं तर सुपात घेऊन बाहेर सोडणार, वर "जपून जा रं" म्हणणार. गावाकडच्या उसात डुकरं शिरतात, असं अर्जात लिहिलं होतं. ते खरंच होतं, पण त्या डुकरांचंही अण्णांना कौतुकच होतं.

खरं कारण त्यांनी मला बंदुकीच्या दुकानाकडे जाताना स्कूटरवर मागे बसून सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ बापू माधवनगरच्या एका गिरणीवर पहारेकरी होते. गिरणीची जुनी विलायती पंपाची बंदूक त्यांच्या ताब्यात असे. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलायची, की खटाक्-खट्! रोज संध्याकाळी पहाऱ्याला उभं राहताना बापू रिकामी बंदूक तशी ओढून बघत, आणि तो आवाज ऐकून चाळीतल्या बायका दिवे लावत. पुढे गिरणी बंद पडली, बंदूक गेली. गेल्या वर्षी बापूंना अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून ते एक अक्षर बोलले नव्हते.

"डाक्टर म्हनलं, जीब चालती त्येची, मन चालंना. वळखीचं कायतरी कानावर पडू द्या," अण्णा म्हणाले. "भजनं झाली, रेडू झाला, वैनीची भांडणं झाली. आता ह्योच एक आवाज ऱ्हायलाय गड्या."

त्या जुन्या बंदुकीबरहुकूम नवी घडवलेली आता मिळते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दुकानदाराने एकाच घडणीच्या तीन काढून ठेवल्या. अण्णांनी डोळे मिटून पहिलीची मूठ ओढली. "ही खोकतीया." दुसरी ओढली. "हिला लय घाई."

"अहो काका, बंदुकीचा आवाज चाप ओढल्यावर येतो," दुकानदार म्हणाला.

"त्यो नगं. त्येच्या आदीचा पायजे."

तिसरी त्यांनी पुन्हा पुन्हा ओढली. मग हळूच म्हणाले, "आवाज खरा हाय."

"काडतुसं किती देऊ?"

"काडतुसं? ती कशाला?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

तिथून आम्ही थेट माधवनगरला गेलो. बापू खाटेवर छताकडे बघत पडलेले. अण्णा खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि मूठ ओढली. खटाक्-खट्. बापू हलले नाहीत. पुन्हा ओढली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या. तिसऱ्यांदा ओढताना अण्णा बापूंच्या तोंडाकडेच बघत राहिले आणि नळी घसरत घसरत माझ्या गुडघ्यावर आली.

"नळी वर कर, गाढवा!"

आवाज बापूंचा होता, अगदी खणखणीत. वहिनींच्या हातून कपबश्या खाली पडल्या. साठीचे अण्णा "व्हय बापू, व्हय बापू" म्हणत लहान पोरासारखे रडायला लागले. मी कपबश्यांचे तुकडे वेचायला बसलो.

पुढे दर रविवारी आमची माधवनगरची वारी ठरलेली. बापू तेवढं एकच वाक्य बोलत, दुसरं काही नाही. अण्णा ते ऐकायला मुद्दाम नळी खाली करत आणि शिवी खाऊन तृप्त होऊन परत येत.

मग निवडणूक लागली. लायसनच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. अण्णांचं जेवणावरचं मन उडालं. "एक रविवार चुकला आन् त्यो पुन्ना गप झाला तर?" एवढंच घोकत होते. रविवारी सकाळी मात्र माझ्या दारात हजर, काखेत छत्री.

माधवनगरला जाऊन त्यांनी छत्री दोन्ही हातांनी बंदुकीसारखी धरली, तोंडाने "खटाक्-खट्" केलं आणि टोक जमिनीकडे झुकवलं. बापूंनी मान वळवून छत्रीकडे पाहिलं. मग म्हणाले, "छत्री हाय ती, गाढवा."

परतताना माधवनगर ते सांगली सबंध रस्ताभर अण्णा माझ्या पाठीवर थापा मारत होते. "ऐकलंस का रं? गाढव जुनंच हाय. पन छत्री! छत्री नवी हाय!"