वीतभर फट

वसाहतीच्या सभेचा एक अलिखित नियम होता: जो गैरहजर, त्याच्या गळ्यात काम. त्यामुळे सभांना चांगली गर्दी होई, आणि वसाहतीला आपल्या लोकशाहीप्रेमाचा अभिमान वाटे. सामायिक सौर प्रकल्पाच्या कुंपणाची सभा झाली त्या दिवशी बेकरीवाल्या मावशींच्या घाणाभर पिठाने मान टाकली होती, म्हणून त्या जाऊ शकल्या नाहीत. संध्याकाळी कळलं की त्या ‘वन्यजीवस्नेही कुंपण उपसमिती’च्या बिनविरोध अध्यक्षा झाल्या आहेत.

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला, पण नाही म्हटलं नाही. रोज दुपारी वीज जायची, भट्टी गार पडायची आणि फुगून आलेला पाव डोळ्यांदेखत बसायचा. सौर वीज आली तर बेकरी तगणार होती, नाहीतर कुलूप ठरलेलं. आणि कुंपणाचा दाखला मिळाल्याशिवाय प्रकल्पाचं बटण दाबायला परवानगी नव्हती.

शिवाय प्रकल्पाच्या त्याच जागेत मावशींची शेजारीण राहत होती. शेजारीण म्हणजे बेकरीमागच्या गवतातलं एक मुंगूस, नुकतीच दोन पिल्लं झालेलं. तडकलेली अंडी मावशी तिकडेच ठेवत. नियम असा होता की जाळी जमिनीपासून वीतभर उचलून लावायची, म्हणजे लहान प्राण्यांची वाट अडत नाही. मावशींनी स्वतः उभं राहून तशी जाळी लावून घेतली. पहिल्याच संध्याकाळी शेजारीण पिल्लांना घेऊन फटीतून ये-जा करू लागली, तेव्हा मावशींना लेकीचा संसार मार्गी लागल्यासारखं वाटलं.

मग दाखल्यासाठी निरीक्षक आले.

“फट आहे,” ते वाकून म्हणाले. “वापर दिसत नाही.”

“आहे ना साहेब, गवतात बसलीय ती.”

“म्हणजे गवतामुळे निरीक्षणात अडथळा येतो.”

गवत कापलं. शेजारीण पॅनलच्या सावलीत सरकली आणि फक्त तिन्हीसांजेला बाहेर पडू लागली. अंधारात वापराची नोंद होत नाही, म्हणून दिवे लागले. दिव्यांवर किडे आले, किड्यांमागे पाली आल्या आणि पालींमागे एक मांजर फटीतून आत शिरलं.

“मांजर वन्यजीव आहे का?” निरीक्षकांनी विचारलं.

“नाही.”

“मग ते वन्यजीवांच्या मार्गाने कसं गेलं? आत जाणारा वन्यच आहे, याची खात्री करणारा माणूस नेमा.”

फटीशेजारी खुर्ची टाकून एक पहारेकरी बसला. त्याच्या हाती काठी आणि शिट्टी होती, आणि तो कामाला चोख होता. दोन दिवसांत मांजर गेलं, पाली गेल्या. शेजारीणही पिल्लांना तोंडात धरून कुठेतरी निघून गेली.

निरीक्षक पुन्हा आले. “कुंपणात अडकून जखमी झालेले प्राणी?”

“एकही नाही,” मावशी म्हणाल्या. “पण साहेब, आता इथे प्राणीच...”

“उत्तम! असं सुरक्षित कुंपण मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. सही करा.”

मावशींच्या जिभेवर पुढचं वाक्य आलं होतं. तेवढ्यात बेकरीतून कामाच्या बाईने हाक मारली, “मावशी, वीज गेली हो!” मावशींनी वाक्य गिळलं आणि सही केली.

त्या आठवड्यात बटण दाबलं गेलं, भाषणं झाली आणि भट्टी दिवसभर तापली. दुपारी पाव असे काही फुगले की मावशींना रडू आलं. डोळे पुसून त्या वळल्या, तर बेकरीच्या मागच्या दाराखालून शेजारीण आत डोकावत होती. दाराखालची फटही वीतभरच होती. बेकरीत प्राणी दिसला तर परवाना रद्द होतो, हे मावशींना पाठ होतं. त्या उठल्या आणि त्यांनी फटीला फळी लावली. लावताना त्यांना स्वतःची लाज वाटली, पण फळी काही सैल बसली नाही.

जिवाला चैन पडेना म्हणून मावशींनीच सभा बोलावली. मुंगसाला हक्काचं घर मिळालंच पाहिजे, यावर सगळे गहिवरून बोलले. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

“पण तिने राहायचं कुणाकडे?” मावशींनी विचारलं.

 सवयीप्रमाणे सभेच्या अध्यक्षांनी मान उंचावून गैरहजर कोण ते पाहिलं. नेमकी त्या दिवशी अख्खी वसाहत हजर होती, आजारी माणसंसुद्धा खुर्चीत बसवून आणलेली. 

शेवटी मावशीच हळूच म्हणाल्या, “हे सगळं वाचतंय ना कुणीतरी, ते नाही आलं सभेला.”

तेव्हा आपलं अभिनंदन. निवड बिनविरोध झाली आहे, आणि शेजारीण दोन पिल्लांसह आपल्याकडे यायला निघाली आहे. दाराखाली फट असेलच. फळी शोधायला उठला असाल, तर संकोच नको. मावशीही अशाच उठल्या होत्या.