वेणू साळुंकीचा सत्कार

एका जंगलात, जिथे रेंज नव्हती पण महत्त्वाकांक्षा भरपूर होती, हिकमतराव नावाचे एक कोल्हे राहत. त्यांनी एक स्टार्टअप काढलं होतं. बाळांनो, स्टार्टअप म्हणजे काय? पाच जणांचं काम एक जण करतो आणि उरलेले चौघे त्यावर बैठक घेतात, ते स्टार्टअप.

कंपनीचं नाव होतं 'बीळवाला'. ज्यांना स्वतः उकरायचा कंटाळा, त्यांना इथे तयार बिळं मिळत. ओढ्याकाठी अशी ऐंशी बिळं होती.

बिळं चांगली होती, पण शेजार नव्हता. मुंगूस दिसलं की उंदीर दार लावून घेत. सशांना घुशीची बडबड सोसत नसे. महिनाभर राहून निम्मे निघून जात.

मग कंपनीत वेणू साळुंकी आली. तिचं काम होतं 'समुदाय-बांधणी'. म्हणजे नेमकं काय, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ती रोज सकाळी बिळाबिळांवरून फिरू लागली.

"काय सायाळमावशी, गुडघा कसा आहे?"

"ठणकतोय गं. तू आलीस की बरं वाटतं."

मुंगसाच्या घरी बारसं निघालं, तेव्हा वेणू उंदरांना घेऊन गेली. उंदीर थरथरत गेले. घुगऱ्या खाऊन परत आले. सगळे परत आले, हे महत्त्वाचं.

वर्षभरात एकही बीळ रिकामं उरलं नाही.

हिकमतराव हे पाहत होते. मनाने ते वाईट नव्हते. बैठकीत म्हणाले, "वेणूचं कौतुक व्हायलाच हवं."

"जाहीर सत्कार करू," सल्लागार घुबड म्हणालं.

पण मांडव कोण घालणार? सगळ्यांना गोळा कोण करणार? ते फक्त वेणूलाच जमे. तीन दिवस राबून तिने आपलाच सत्कार उभा केला. मानपत्रात 'रेणू' पडलं होतं, तेही तिनेच दुरुस्त केलं.

सत्कारात हिकमतरावांनी तिला 'मुख्य समुदाय अधिकारी' केलं. सागाच्या शेंड्यावर केबिन दिली. तिथे बसून तिने समुदायाचा अहवाल लिहायचा.

"मग खाली कोण फिरणार?" वेणूने विचारलं.

"त्यासाठी समिती नेमलीय."

समितीत एकटं घुबड होतं. ते दिवसा झोपत असे.

वेणू शेंड्यावर लिहीत बसली. खाली उंदरांची दारं पुन्हा लागू लागली. सायाळमावशीने दोनदा वर पाहिलं. मान दुखली, मग सोडून दिलं.

एका दुपारी वरच्या खोऱ्यातला बांध फुटला. पाण्याचा लोंढा बिळांकडे येताना वेणूला शेंड्यावरून दिसला. तिने समितीला हाका मारल्या. समिती घोरत होती. वेणूने अहवाल टाकला आणि खाली झेप घेतली.

"सायाळमावशी, बाहेर या! सशांच्या सखूबाई, पिल्लं घ्या आणि टेकडीकडे पळा! पाचही घ्या, धाकटं कोपऱ्यात झोपतं!"

कुठल्या बिळात कोण, कुणाला कमी ऐकू येतं, सगळं तिला पाठ होतं. बहिऱ्या घुशीला तिने चोच मारून उठवलं. मुंगसाने सहा उंदीर पाठीवरून वाहून नेले.

पाणी शिरलं तेव्हा बिळांत कुणीच नव्हतं. टेकडीवर सगळे होते, भिजलेले पण जिवंत. वेणूचा आवाज पार बसला होता. सायाळमावशी तिला कुशीत घ्यायला गेली, मग आपले काटे आठवून लांबूनच म्हणाली, "पोरी, तू होतीस म्हणून आम्ही आहोत."

तेवढ्यात हिकमतराव धापा टाकत आले. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"वेणू, आता तुझा याहून मोठा सत्कार!"

"नको साहेब," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला फक्त खाली राहू द्या."

"काय ही नम्रता!" हिकमतराव गहिवरले. त्यांनी घुबडाला हलवून जागं केलं. "लिहून घ्या. सागापेक्षा उंच झाड शोधा."

तात्पर्य : चांगलं काम करणाऱ्याची कदर जरूर करावी. त्याला त्या कामातून काढण्याचा याहून सभ्य मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही.