जिताड्याचं जेवण आणि रागाचा आकडा

"तेजस! त्यो मोबाईल उचल तिथना! पावन्यांची ताटं काय डोक्यावर ठेवू?" सुमित्राबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या आणि टेबलावरच्या मोबाईलवर तांबडा पट्टा उमटला. राग, ब्याण्णव टक्के.

तेजसनं कपाळावर हात मारला. आईला कसला आलाय राग! आई तर आनंदानं नुसती फुलली होती. उलव्यातल्या त्यांच्या तीन मजली घरात आज प्रियाचे आईबाबा पहिल्यांदाच जेवायला येणार होते. त्यांनी होकार दिला तर तेजसचं लग्न ठरणार होतं. नाही दिला तर कठीण होतं, कारण प्रियानं आधीच बजावलं होतं, "बाबांच्या मनात थोडी जरी धाकधूक राहिली ना, तर ते 'बघू' म्हणतील. आणि आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही."

तेजस महाप्याच्या एका कंपनीत कामाला होता. माणसाच्या आवाजावरून आणि चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखणारा प्रोग्राम त्यांची टीम बनवत होती. फोनवर तक्रार करणारं गिऱ्हाईक कधी भडकेल, गाडी चालवताना ड्रायव्हर कधी पेंगेल, बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळाला किती दुखतंय, हे सगळं त्याला कळावं अशी त्यांची धडपड होती. तेजसला त्याचं भारी कौतुक. वडिलांना मात्र ते पटत नव्हतं. "मानसाचा तोंड वाचाला मशीन?" पंढरीशेठ म्हणायचे. "आमी काय डोळं इकलं?"

विलासरावांना, म्हणजे प्रियाच्या बाबांना, हे मशीन बघायचंच होतं. मूळचे साताऱ्याकडचे, आता कामोठ्यात राहणारे विलासराव वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून रिटायर झाले होते. माणसांवर त्यांचा विश्वास जेमतेम, पण काट्यावर पूर्ण. "माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही," असं ते भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायचे. म्हणून तेजसनं हौसेनं प्रोग्राम मोबाईलवर चालू करून ठेवला होता. जो बोलेल त्याच्या मनातलं पडद्यावर, तेही मराठीत.

सुमित्राबाईंनी तो मोबाईल उचलून पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि त्या भाकऱ्या थापायला पळाल्या. तेवढ्यात बेल वाजली.

"या या या! किती वेल! कवापासना वाट बघतांव आमी!" सुमित्राबाईंनी दारातच स्वागत केलं.

बायको आणि प्रियासह आत येता येता विलासरावांची नजर मोबाईलकडे गेली. राग, चौऱ्याण्णव टक्के. त्यांचा एक बूट पायात होता, एक हातात.

"बसा!" पंढरीशेठ म्हणाले. राग, अठ्ठ्याऐंशी. विलासराव एका बुटानिशी बसले.

"अगं, आपण चुकीच्या दिवशी आलो का?" त्यांनी बायकोला, मीनाताईंना, हळूच विचारलं.

पानं मांडली गेली. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं सुकं आणि मधोमध जिताडा, खाडीतला मोठा मासा. जिताडा म्हणजे आगऱ्यांच्या घरचा मान. तो कुणालाही मिळत नाही, त्यासाठी पंढरीशेठ पहाटे मोऱ्याच्या बंदरावर जाऊन बसले होते. इकडे विलासरावांची जन्मभर काट्यांशी दोस्ती, पण माशाच्या काट्याची त्यांना धडकी. त्यांनी चिमूटभर तुकडा तोंडात टाकला.

"अवं खावा ना नीट! लाजताव कशाला?" सुमित्राबाई म्हणाल्या. राग, शहाण्णव.

विलासरावांनी मोठा तुकडा घेतला. मग आणखी एक. चौथ्या तुकड्याला त्यांनी धीर करून ताटावर हात आडवा धरला. "पुरे आता, वहिनी."

"पुरे? मंग मी पाटेपासना रांधला कोनासाठी?"

नव्याण्णव! विलासरावांनी मुकाट्यानं हात काढला आणि ताटात आणखी दोन तुकडे पडले. त्यांच्या टकलावर घाम डवरला. "फारच छान झालंय," ते मऊ पण कापऱ्या आवाजात म्हणाले, आणि मोबाईल म्हणाला: भीती, सत्त्याऐंशी टक्के.

नेमकं ते सुमित्राबाईंनी वाचलं. "भीती? कोनाची भीती? माझी? मी काय वाघीन हाय?"

"छे छे, वाघीण कुठं!" भीती, पंचाण्णव.

विलासरावांनी रुमालानं घाम पुसला, लेकीकडे पाहिलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "प्रिया, आपण... बघू."

प्रियाचा घास हातातच राहिला. ज्या मशीनपायी तेजसनं दोन वर्षं डोळे फोडले, त्यानंच भर पंगतीत त्याचा गळा कापला होता! त्यानं रागारागानं मोबाईल उचलला, आणि बघतो तर काय, कॅमेऱ्यावर तांदळाच्या पिठाचा अख्खा अंगठा!

"आई, अगं हे काय केलंस! याचा डोळाच बंद केलास!" तो जवळजवळ नाचलाच. "काका, थांबा. चेहरा दिसत नव्हता म्हणून हा नुसत्या कानावर चालला होता. आणि त्याच्या कानाला आम्ही ऑफिसात फोनवर बोलणाऱ्या लोकांचा आवाज शिकवलाय. हळू बोललं की गोड, मोठ्यानं बोललं की राग. आमच्या गावातली माणसं या बांधावरून त्या बांधावर बोलण्यात म्हातारी झाली. तो आवाज त्यानं कधी ऐकलाच नाही. मीच ऐकवला नाही, चूक माझी."

त्यानं शर्टाच्या टोकानं कॅमेरा पुसला आणि मोबाईल आईसमोर धरला. "आई, बोल काहीतरी."

"काय बोलू मी, कपाल? जेवताव का उठू?"

आनंद, सत्त्याण्णव टक्के.

"पुन्हा," विलासराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला होता. "दोनदा तपासल्याशिवाय मी शिक्का मारत नाही."

सुमित्राबाई आणखी दोनदा ओरडल्या. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. विलासरावांनी मोबाईल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "वा! काय यंत्र आहे! एवढ्या आवाजाच्या आतला आनंद यानं बरोब्बर हुडकला. मला नाही हो हुडकता आला." मग मोबाईल पंढरीशेठपुढे धरून त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. "शेठ, आमची प्रिया तुम्हाला पसंत आहे ना?"

"आमची काय बी हरकत नाय," पंढरीशेठ शांतपणे म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता.

दुःख, एक्क्याण्णव टक्के.

प्रियाचा चेहरा उतरला. "मशीन बिघडला ह्यो," पंढरीशेठ पुटपुटले, पण सुमित्राबाई सोडणाऱ्या नव्हत्या. "नाय बिघडला. आठ दिस झालं, तुमी अर्धीच भाकर खाताव. काय झालाय, सांगा आता!"

पंढरीशेठनी मान खाली घातली. "पोरगी लाखात एक हाय. पन भगवान एजंट भेटला व्हता. तेजसनी कामोठ्याला फ्लॅट बघितलाय म्हने. मना तो बोलला पन नाय. तीन मजल्यांचा घर बांधला मी, तो काय आमी दोघांनी एकमेकांची तोंडा बघाला?"

तेजसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत त्यानं महिना काढला होता. रोज एका घरात जेवूनही बापाच्या मनातलं त्याला कळलं नव्हतं, आणि मशीननं एका वाक्यात ओळखलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि मशीनचा अभिमानही वाटला.

प्रिया उठून पंढरीशेठजवळ जाऊन बसली. "मग इथंच राहू की आम्ही, दुसऱ्या मजल्यावर. फ्लॅट काय, अजून नुसता बघितलाच आहे."

पंढरीशेठ "बरा" एवढंच म्हणाले, पण पडद्यावर आनंद सर्रकन शंभराला टेकला.

"उत्तम!" तो आकडा वाचायला मोबाईल आपल्याकडे वळवून विलासराव हसून म्हणाले. "मुलगी सासरीच शोभते. ठरलं तर मग, आमच्याकडून होकार."

दुःख, त्र्याण्णव टक्के.

आता सगळे विलासरावांकडे बघायला लागले. त्यांनी मोबाईल घाईघाईनं पालथा घातला, पण उशीर झाला होता. "कामोठ्याचा तो फ्लॅट," मीनाताईंनीच शेवटी फोड केली, "आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये होता. एकुलती एक आहे ना ती. रोज गॅलरीतून दिसेल म्हणून ह्यांनी नवा चष्मासुद्धा करून घेतलाय."

"तं त्यात रडाचा काय?" सुमित्राबाईंचा आवाज असा लागला की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. "तिसरा माला रिकामाच हाय! भाडोत्री गेलं मागच्या महिन्यात. तुमी बी या रावाला!"

"अहो, लेकीच्या सासरी राहायचं?" मीनाताई चपापल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना धाडा माझ्याकडं!" सुमित्राबाई गरजल्या.

विलासरावांनी एकदा सुमित्राबाईंकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मोबाईल पालथाच होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही. मग त्यांनी जिताड्याचा मोठा तुकडा आपणहून ताटात ओढला आणि टेबलावर थाप मारली.

"चालेल! येतो आम्ही!"

मीनाताई केवढ्या तरी दचकल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"अहो, ओरडताय काय असे?"

"ओरडतोय कुठं? बोलतोय!" विलासराव ओरडले.