निळ्या कोटातला कॅप्टन

पोर-लॅनेकचा इतिहास माझ्याइतका कुणालाही ठाऊक नाही! गावात सगळे असंच म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि कुणी खोडून काढत नाही. आमच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष मी, सचिव मी, आणि सभासद माझी बायको सोलेन. तीही सक्तीची!

माझा जीव अडकला होता बंदरावरच्या वखारीत. पूर्वी तिथं सार्डिन मासे खारवून पिंपांत भरायचे. मला तिथं गावाचं संग्रहालय करायचं होतं, आणि नगराध्यक्ष गिवार्कना मेव्हण्याचं आइस्क्रीमचं दुकान. शेवटी असं ठरलं, की पॅरिसहून वारसा खात्याच्या बाई येतील, आम्ही त्यांना आमची ऐतिहासिक लढाई करून दाखवायची. बाई खूश झाल्या तर संग्रहालय, नाहीतर आइस्क्रीम!

लढाई म्हणजे, तीनशे वर्षांपूर्वी इंग्रज होड्यांतून उतरले आणि आमच्या कॅप्टन त्रेऊरनी त्यांना पाणी पाजून परत पाठवलं, ती. कॅप्टन त्रेऊर माझे पूर्वज. सांगायला नको, पण सांगतो.

लढाईच्याच तारखेला कार्यक्रम ठेवला. मार्चमधला रविवार, भर दुपारी. घरोघर जाऊन आमंत्रणं केली, आणि काय सांगू, सगळ्यांनी पटापट होकार दिला! एरवी इंग्रज व्हायला कुणी तयार नसतं. यंदा बेकरीवाला इफिग आपण होऊन म्हणाला, "मी होतो की इंग्रज! होडी पण माझीच घ्या." त्याच्याबरोबर खाटीक आणि पोस्टमन! मी सोलेनला म्हटलं, "बघितलंस? याला म्हणतात वजन!"

"वजन आहेच," सोलेन म्हणाली. "डॉक्टर पण तेच म्हणतात."

खरं तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्या गावात इतक्या चटकन होकार मिळाला, की समजावं माणूस खोटं बोलतोय.

रविवारी मी पहाटेपासून वखारीत. कॅप्टन त्रेऊर अर्थात मीच: निळा कोट, पांढरा टोप, चांदीच्या बकलांचे बूट! दुपारी पॅरिसच्या बाईंना, मादाम देल्फॉसना घेऊन धक्क्यावर आलो. छाती फुगवून म्हटलं, "मादाम, हा आमचा समुद्र!"

समुद्र नव्हता.

जिथवर नजर जाईल तिथवर ओली वाळू आणि चिखल! वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी त्याच दिवशी होती. भरती-ओहोटीचं कोष्टक आमच्याकडे प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं. माझ्याकडेही आहे. त्यावर मी माझ्या कार्यक्रमाचं पोस्टर चिकटवलं होतं!

आणि या ओहोटीला आमचा गाव घरी थांबत नाही. बाळंतीणसुद्धा गमबूट चढवून वाळूतले शिंपले, तिसऱ्या, काढायला जाते. फक्त कबूल कुणी करत नाही. हातात दाताळं, बगलेत टोपली, आणि विचारलं तर म्हणणार, "छे हो, चर्चला निघालोय." प्रत्येक घराची तिसऱ्यांची जागा गुप्त. सुनेला सांगतील, तेही मरताना!

"तुमचे लोक कुठे आहेत?" मादामनी विचारलं.

"दबा धरून बसलेत, मादाम!" मी म्हटलं. काय बोलणार?

बाईंनी दुर्बीण काढली. लांब चिखलात इफिगची होडी कलंडलेली, आणि तिच्यातून लाल कोटवाले तीन इंग्रज खाली उतरत होते. उतरले, वाकले, आणि टोप्या काढून त्यांत तिसऱ्या भरायला लागले! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होडीतून गेलं की सगळ्यांच्या आधी लांबच्या वाळूवर पोचता येतं. म्हणून मेले इंग्रज झाले होते!

तेवढ्यात खडकाआडून एक आरोळी आली. माझी मारिवॉन आत्या! वय ऐंशीच्या पुढं, आवाज विशीतला.

"चोरांनो! माझ्या सासूची जागा आहे ती! उचला हात!"

आत्या दाताळं परजून निघाली. तिच्या मागं तिच्या दोन जावा, शेजारणी, पाद्रीबाबा, आणि चक्क माझी सोलेन! खडकाखडकाआडून बादल्या आणि दाताळी बाहेर पडली. आता आत्या इफिगला आडवा करणार, बाई पोलिसांना बोलावणार आणि वखारीत व्हॅनिला विकलं जाणार! मी धक्क्यावरून उडी मारली आणि धावत सुटलो.

"आत्या, थांब! पाहुण्या बघतायत!"

"बघू देत! यांना बेकरी कमी पडली होय?"

मी दोन्ही हात पसरून इंग्रजांच्या पुढ्यात उभा राहिलो. "मार मला, पण यांना सोड!" असं मी म्हटलं. असं बोलू नये. आत्याने शब्द झेलला आणि दाताळ्याचा दांडा माझ्या पाठीत घातला!

"गोल्व्या, तूच आणलंस यांना! घरचा भेदी!"

पळायला गेलो तर बकलाचे बूट चिखलात, मी गुडघ्यापर्यंत आत. इंग्रज मला टाकून पळाले! तेवढ्यात पाणी फिरलं, भरती लागली. आमच्याकडे पाणी फिरलं की भांडणं आपोआप मिटतात, कारण जो तो किनारा गाठतो. शेवटी आत्यानेच मला दाताळ्याने कोटात अडकवून ओढून काढलं, वर म्हणाली, "तिसऱ्या हलक्या असतात रे बाबा."

धक्क्यावर येईपर्यंत मी संग्रहालयावर पाणी सोडलं होतं. मादाम समोर आल्या. डोळ्यांत पाणी!

"मस्यू त्रेऊर, असली जिवंत लढाई मी आयुष्यात पाहिली नाही! बायका, म्हाताऱ्या, हातात दाताळी! आणि तो निळ्या कोटातला गद्दार! शत्रूला पाठीशी घालतो काय, शत्रूच त्याला टाकून पळतो काय! संग्रहालय तुमचं. फक्त दरवर्षी हे असंच झालं पाहिजे. इतिहासात कोण होता हो तो गद्दार?"

मी नगराध्यक्षांकडे बघितलं. त्यांचा मेव्हणा शेजारी आशेने उभा होता.  तीनशे वर्षांचं नाव एका बाजूला, वखार दुसऱ्या बाजूला!

"कॅप्टन त्रेऊर, मादाम," मी म्हटलं.

संग्रहालय झक्क चाललंय! आत्याचा पुतळा दारातच आहे, दाताळं उगारलेला. दरवर्षी मी चिखलात उभा राहतो आणि दरवर्षी आत्याचा नेम सुधारतो. बाकीचे दिवस मी दारातल्या खिडकीत बसून तिकिटं फाडतो. येणारे जाणारे हमखास विचारतात, "त्या गद्दाराच्या घराण्यातलं कुणी आहे का हो अजून गावात?"

"छे हो," मी म्हणतो. "वंश बुडाला!"