घुग्घुसची जर्मन टीम

दर रविवारी दुपारी चार वाजता ऋषीभाऊ फुटबॉलची मॅच पाहायचे. समोर मैदान नसायचं, चेंडू नसायचा, खेळाडू जर्मनीत असायचे आणि मॅच दोन महिन्यांपूर्वीच संपलेली असायची. ऋषीभाऊंच्या मते यात अडचण अशी काहीच नव्हती.

चंद्रपूरला चांदा म्हणायचे, तेव्हाची गोष्ट. घुग्घुसच्या एका कोळसाखाणीवर मी दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि ऋषीभाऊ इंजन खलाशी. चानक म्हणजे खाणीची उभी विहीर. तिच्यातून माणसांची डोली खाली सोडायची आणि वर ओढायची, हे त्यांचं काम. खलाशी आपल्या खोलीत बसतो. त्याला चानक दिसत नाही, डोली दिसत नाही, माणसं तर नाहीतच. खालून घंटी येते, समोरच्या तबकडीवर काटा सरकतो, आणि त्या दोघांवर विश्वास ठेवून हा इंजनाचा दांडा ओढतो. मी एकदा तिथे अर्धा तास बसलो आणि भीतीनं माझे तळहात ओले झाले. ऋषीभाऊ वीस वर्षं बसत होते.

हे इंजन बसवायला जर्मनीहून कार्ल नावाचा फिटर आला होता. आमच्या लोकांनी त्याचा कारलेसाहेब केला. तो वर्षभर राहिला. त्याला मराठी येईना, ऋषीभाऊंना जर्मन येईना, त्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नाही. जाताना दुसरा कोणी घड्याळ नाहीतर कोट देऊन गेला असता. कार्लनं आपल्या गावची फुटबॉल टीम दिली.

‘कोळशाचंच गाव हाये त्याचं, बाबू,’ ऋषीभाऊ मला सांगत. ‘पयले खानीतलेच पोट्टे खेळत. आता पगारी झाले, पन मानसं आपलीच हायेत.’

आपली टीम ती हीच. कार्ल दर मॅचचा पेपर बोटीनं पाठवायचा. गोलांची मिनिटं लाल पेन्सिलीनं समासात लिहायचा, आपल्या गोलाला एक रेघ, दुसऱ्यांच्या गोलाला दोन. कधी एक पेपर यायचा, कधी चार एकदम. चार आले तरी ऋषीभाऊ एका रविवारी एकच मॅच घ्यायचे. ‘खेळनारा मानूस हाये ना, बाबू. एका दिवशी चार डाव खेळन का तो?’

आता मॅच कशी व्हायची ते ऐका. ऋषीभाऊ खाकी कोट चढवून आपल्या अंगणात स्टुलावर बसायचे. समोर खुर्चीवर गजराचं घड्याळ. त्यांच्या पाठीमागे एका कडेला गोणपाटाचा पडदा आणि पडद्याआड पेपर नि पितळेची घंटी घेऊन मी. तेविसाव्या मिनिटाला आपला गोल असेल तर मी तेविसाव्या मिनिटाला एक घंटी द्यायची. दुसऱ्यांचा असेल तर दोन. तोपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि लोक बसायचे. साठ-सत्तर खाणकामगार, आठवडाभर कोळसा फोडून आलेले, एका माणसाच्या पाठीकडे आणि एका घड्याळाकडे पाहत पूर्ण दीड तास. मध्यंतरात पार्वताबाई, म्हणजे वहिनी, चहा द्यायच्या आणि विचारायच्या, ‘काऊन जी, कोनी पडला गिडला तं नाई ना?’

पहिल्यांदा मला हसू आवरेना. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की माझ्याच छातीत धडधडतंय. पेपर माझ्या हातात, निकाल मला ठाऊक, आणि तरीही धडधडतंय. ऋषीभाऊंची पाठ बघता बघता ताठ व्हायची, मान जरा उजवीकडे वळायची, आणि खरंच वाटायचं की चेंडू तिकडे गेला आहे. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

गोलाला जर्मन भाषेत जो शब्द आहे, तो कार्लच्या तोंडून ऋषीभाऊंना ‘तूर’ असा ऐकू आला होता. त्यामुळे एक घंटी झाली की ऋषीभाऊ हात वर करायचे आणि सगळं अंगण ‘तूर!’ म्हणून गर्जायचं. बाजूच्या रस्त्यानं जाणारा धान्याचा एक व्यापारी एकदा आत शिरून भाव विचारू लागला. त्याला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवला. पुढच्या रविवारी तो आपणहून आला.

तो हंगाम मात्र वाईट गेला. दोन घंट्या वाढत चालल्या. कार्लनं मोडक्या इंग्रजीत कळवलं की तळाला राहणारी टीम खालच्या वर्गात ढकलतात आणि आपली तिथेच आहे. शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी साधली तरी वाचू, हरलो तर खाली.

‘खाली’ हा शब्द मी वाचला तेव्हा ऋषीभाऊंनी चहा न पिताच बाजूला ठेवला. त्या आठवड्यात ते जेवत नाहीत असं पार्वताबाईंनी दवाखान्यात येऊन सांगितलं, आणि भुकेचं औषध मागितलं.

शेवटचा पेपर आला. मी तो दवाखान्यात दार लावून उघडला. समासात एकच आकडा होता, अठ्ठावन्न, आणि त्याच्यापुढे दोन रेघा. हरलो होतो.

रविवारी अंगणात जागा उरली नव्हती. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला मी दोन घंट्या दिल्या. कोणी हललं नाही. सत्तर झाली, ऐंशी झाली. पडद्याच्या फटीतून मला ऋषीभाऊंची पाठ दिसत होती, आणि मला ते सहन होईना. जर्मनीतल्या निकालाची घुग्घुसमध्ये कोण चौकशी करणार होतं? अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मी हलक्या हातानं एक घंटी दिली.

‘तूर!’ असा आवाज उठला की झाडावरचे कावळे उडाले. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. व्यापाऱ्यानं गूळ मागवला.

ऋषीभाऊंनी हात वर केला नव्हता.

नव्वद होईपर्यंत ते घड्याळाकडे पाहत बसले. मग उठले, सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, एकेकाला दारापर्यंत पोचवून आले. अंगण रिकामं झाल्यावर पडदा बाजूला करून माझ्यासमोर बसले.

‘बाबू, ते शेवटची घंटी खालून नाई आली.’

मी मान खाली घातली. कसं कळलं, एवढंच विचारलं.

‘खालचा मानूस घंटी देते तं जोरात देते. त्याले वर याचं असते. हळू घंटी देते थो वरचा. दया करून देते.’ माझ्या हातातली घंटी काढून घेत ते म्हणाले, ‘अशी मी एक डाव आयकली हाये.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आमच्या आठ वर्षांच्या ओळखीत ऐकलं नव्हतं. जुन्या खाणीत छत बसलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ गंगाराम खाली होता. ऋषीभाऊ दोन दिवस दांड्यावरून उठले नाहीत, खाल्लं नाही, झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी खालून घंटी आली, डोली वर ओढली, आणि लोकांनी सांगितलं, सगळे आले, आता ऊठ. ते उठले. घंटी त्यांच्या सोबत्यानंच वर उभं राहून दिली होती. डोलीत कोणी नव्हतं.

‘त्याईनं मायासाठीच केलं,’ ऋषीभाऊ म्हणाले. ‘तुमीबी मायासाठीच केलं. राग नाई. पन मी उठलो ना, बाबू. थो खाली होता अन् मी उठलो.’

मला लाज वाटत होती, आणि या माणसापुढे आपण किती लहान आहोत तेही कळत होतं. मी म्हणालो, ‘ऋषीभाऊ, आता पेपर येणार नाहीत. खालच्या वर्गातल्या मॅच कोण छापतो?’

‘छापत असन कोनी बारीक अक्षरात. कारलेसाहेबाले लिवा.’

मी दवाखान्याचा कागद काढला. हरल्याबद्दल दुःख झालं वगैरे इंग्रजीत जमवू लागलो. ऋषीभाऊंनी माझ्या हातावर हात ठेवला.

‘थे नोका लिवू. टीम खाली हाये तं वर येईपर्यंत पेपर धाडजा म्हना. अन् त्याले सांगा,’ ते म्हणाले, ‘ऋषी बसून हाये.’