मोटारीची नाडीपरीक्षा

मोटारीचा नुसता आवाज ऐकून तिचा रोग सांगणारा अख्ख्या जळगावात एकच माणूस होता. तो मी! हे मत माझं एकट्याचं होतं. पण त्या काळी जळगावात मोटारी तरी अशा कितीशा होत्या?

माझी मोटार हत्तीएवढी आणि वयाने त्याच्याहून थोर. नशिराबादच्या एका व्यापाऱ्याने ती मला विकली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आनंदाचं, हे मला मागाहून कळलं.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्यतृतीया, तोंडावर आली आणि थोरली बहीण मंजुळाअक्का दारात उभी राहिली. "भाऊ, कुंदाले लेवाले धुळ्याले जाऊ. तुन्या मोटारमा!"

कुंदा तिची एकुलती एक लेक. लग्न झालं तेव्हा पंगतीत बिबडे कमी पडले. झालं! ज्वारीच्या पापडांवरून विहीणबाई भिकुबाई जी रुसली, तिने पोरीला माहेरी पाठवलंच नाही. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी येऊन झोके घेतात. अक्काच्या दारचा निंब तेवढा रिकामा.

"चल की!" मी म्हणालो. "पण सामान नको. गाडी म्हातारी आहे. एक गठुडं दिसलं तरी रस्त्यात उतरवून ठेवीन!"

अक्का चढून बसली. मागच्या सीटवर, लुगडं चांगलं पसरून.

गाव सुटलं आणि मागून आवाज आला. खळ्ळ-खट्! खळ्ळ-खट्!

"भाऊ, हाऊ कसाना आवाज शे?" अक्का दचकली.

मी डोळे मिटले. वैद्य नाडी धरतो तसा दरवाजा धरला. "स्प्रिंगचा पाटा तुटलाय. असलम, गाडी नाल्यात घाल!"

"नाल्यात, साहेब?" माझा ड्रायव्हर असलम म्हणाला.

"रोग खडबडीत रस्त्यावर उघडा पडतो!"

"आप बोलले म्हणजे तसंच असेल," असं म्हणून त्याने कोरड्या नाल्यातून गाडी अशी नेली, की माझी टोपी टपाला लागून नाकावर आली.

"हयू चाल रे, भाऊ!" अक्का कळवळली. बायकांना वेगाची भीती, मी मनात म्हटलं.

एरंडोलजवळ आवाज बदलला. खुळखुळ, खुळखुळ! "पाहिलंस? रोग उतरतोय! आता फक्त नट ढिला आहे." तो बसावा म्हणून मी चार गडी बोलावून गाडी दोन्ही बाजूंनी हलवायला लावली. पाळण्यासारखी!

"बारसं कुनं शे, नाना?" एका म्हाताऱ्याने विचारलं. लोक खिदळले. मी दुर्लक्ष केलं. थोरांना लोक हसतातच.

पारोळ्यापुढे नुसतं सर्र, सर्र. मी भरवेगात ब्रेक मारायला लावले. एकदा, पुन्हा एकदा. आणि धुळ्याच्या वेशीवर आवाज पार बंद!

"बरी झाली!" मी ओरडलो. "औषधाशिवाय!"

विहीणबाईंच्या दारात अक्का उतरली. सीटखालून, घोंगडीत लपेटलेला पत्र्याचा एक डबा काढून तिने भिकुबाईपुढे ठेवला. म्हणाली, "विहीणबाई, ह्या वरीसना नवा बिबडा. खास तुमनासाठे."

दाराआड कुंदाच्या बांगड्या वाजल्या. पोरगी गाठोडं बांधून तयार उभी होती.

भिकुबाईने झाकण काढलं. आत हात घातला. मूठभर पीठ वर आलं.

"मामासाहेब," तिने मला विचारलं, "हे तळायचं, की याने दात घासायचे?"

मी स्प्रिंगच्या पाट्याविषयी काही सांगू पाहिलं. कोणी ऐकलं नाही. "पुढच्या आखाजीला बघू," भिकुबाई म्हणाली आणि कुंदाचं गाठोडं आत गेलं.

परतताना अक्का म्हणाली, "माले वाटे, डबाच वाजस. पन तू म्हने मोटार शे. तुलेच समजस ना, भाऊ!"

ती टोमणा मारत नव्हती. तेच वाईट!

मोटार मात्र त्या दिवशी जन्मात चालली नव्हती इतकी निःशब्द चालली. एरंडोल मागे पडलं तेव्हा मागून अगदी बारीक आवाज आला. थांबून थांबून, पदरात दाबलेला.

"साहेब, आवाज येतोय," असलम म्हणाला. "काय असेल?"

त्या आवाजाचं निदान मला लगेच झालं. फक्त मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.